मृत्यूच्या दाखल्यावरील दुसरी ओळ

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगु जिल्ह्यात ५.३ रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे हैदराबादपर्यंत जाणवले. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या रुग्णांनी गुडघ्याची वा कंबरेची तक्रार सांगण्यापूर्वी भूकंपाचीच गोष्ट काढली. काचीगुड्याहून आलेले एक वयोवृद्ध गृहस्थ मलाच धीर देत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दख्खनचं पठार म्हणजे एकसंध कातळ. इथं काही होत नसतं. वडिलांच्या तोंडून हेच ऐकत आलोय." त्यांच्या पाठोपाठ आलेला एक तरुण संगणक अभियंता तितक्याच खात्रीने म्हणाला, "सर, हे सगळं धरणांमुळं होतंय. एवढं पाणी अडवल्यावर जमीन हलणारच."

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. पठार तुलनेने स्थिर आहे हे खरे. परंतु गोदावरीचे खोरे ही भूगर्भातील एक पुरातन खचदरी असून १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलम परिसरात ५.७ तीव्रतेचा भूकंप झालेला आहे. धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो हेही खरे. परंतु प्रत्येक हादऱ्याचे खापर धरणावर फोडणे म्हणजे तपासणीपूर्वीच निदान लिहून मोकळे होणे. वैद्यकीय व्यवसायात अशा अर्धसत्यांशी आपली रोजच गाठ पडते. रुग्णाला त्यांतून बाहेर काढण्यासाठी आपण जी शिस्त वापरतो, तीच या विषयाला लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. मोडलेली हाडे जोडणे हा माझा व्यवसाय. परंतु १९९३ च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या जखमींवर उपचार करणाऱ्यांमध्ये मीही होतो आणि तेव्हापासून हा विषय माझा पिच्छा सोडत नाही. शिवाय धरणपरिसरातील भूकंपांचा जगात ज्या थोड्या ठिकाणी सखोल अभ्यास झाला, त्यांपैकी एक संस्था आपल्याच शहरात, उप्पल येथे आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेवरून आपण कितीदा तरी जातो. आत काय चालते याची चौकशी मात्र फारशी करीत नाही.

आपण मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहितो तेव्हा पहिल्या ओळीत तात्कालिक कारण लिहितो, त्याखाली त्यामागचे पूर्वगामी कारण लिहितो आणि शेवटी मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर अवस्थांची नोंद करतो. नुसते 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहिणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरला आपण दाखला परत करतो. कारण हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. भूकंपात मेलेल्या माणसांचा दाखला मात्र समाज नेमका तसाच लिहितो. 'भूकंपाने मृत्यू' एवढे लिहिले की आपले समाधान होते.

या दृष्टीने प्रथम कोयनेकडे पाहू. सातारा जिल्ह्यातील १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ११ डिसेंबरच्या पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर, सुमारे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त केले. पावणेदोनशे ते दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या संकल्पनात गुरुत्वीय त्वरणाच्या ५ टक्के इतका भूकंपाचा जोर गृहीत धरलेला होता. धरणावरील यंत्राने नोंदवला तो ६३ टक्के. धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे आधारभिंती बांधून ते बळकट करण्यात आले. धरणाशी निगडित म्हणून ओळखल्या गेलेल्या भूकंपांत आजही कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा मानला जातो. चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) ही ६ हून अधिक तीव्रतेच्या अशा भूकंपांची आणखी तीन ठिकाणे.

पाण्याने भूकंप होतो तो कसा? भूगर्भात जुने प्रस्तरभंग असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबले गेलेले असतात आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण त्यांना सरकू देत नाही. सरकण्याची ओढ मात्र शतकानुशतके साठत असते. जलाशय भरला की पाण्याचे वजन वरून पडते आणि काही काळाने भेगांतून झिरपलेल्या पाण्याचा दाब खोलवर पोहोचतो. हा आतला दाब दोन्ही बाजूंना किंचित विलग करू पाहतो, घर्षणाची पकड ढिली होते आणि सरकण्याच्या बेतात असलेला खडक सरकतो. पाण्याचा हा वाटा साठलेल्या एकूण ताणाच्या मानाने अगदी थोडा असतो. म्हणूनच शास्त्रज्ञ आता अशा भूकंपांना 'धरणाने घडवलेले' म्हणण्याऐवजी 'धरणाने चेतवलेले' म्हणणे पसंत करतात. दारूगोळा निसर्गाचा असतो, ठिणगी पाण्याची.

आपल्याला हे नवे नाही. तीन जिने चढून आलेल्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला तर आपण जिन्याला रोहिणीकाठिण्याचे कारण म्हणत नाही. आणि तोच जिना ते पुन्हा धावत चढणार असतील तर गप्पही बसत नाही. ठिणगी लहान असली तरी ती हाताळणे माणसाच्या हाती असते. जलाशयाची पातळी किती वेगाने चढते, किती उंचीपर्यंत जाते आणि वरच्या पातळीवर किती काळ टिकते, या तीन गोष्टींचा तेथील भूकंपांशी संबंध असल्याचे डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या प्रदीर्घ नोंदींवरून दाखवून दिले.

कोयनेचा हा केसपेपर आता साठ वर्षांचा झाला आहे. सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा लहानशा पट्ट्यात ५ वा अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के होऊन गेले. बहुतेक भूकंप १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर झाले. १९८५ पासून वारणेचे धरण भरू लागले आणि १९९३ नंतर हालचाल दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूलाही वाढली. भूकंप जेथे जन्मतो त्याच्या जवळ जाऊन पाहावे म्हणून २०१७ मध्ये तेथे ३ किलोमीटर खोल विवर खोदण्याचे काम पूर्ण झाले आणि या संशोधनासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. एकाच रुग्णाचा इतका दीर्घ आणि सलग पाठपुरावा वैद्यकशास्त्रातही विरळाच.

याच नोंदी दुसरीही गोष्ट सांगतात. जगात हजारो मोठी धरणे आहेत. ज्यांच्याभोवती असे भूकंप नोंदले गेले ती ठिकाणे शंभरच्या आसपास भरतील. खाली सरकण्याच्या बेतात आलेला प्रस्तरभंग असेल आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत असेल तरच ठिणगी पडते. तेव्हा 'धरण आहे म्हणजे भूकंप होणार' हे जितके अशास्त्रीय, तितकेच 'आमच्या धरणाचा काही संबंध नाही' हे नोंदींवाचून केलेले विधानही अशास्त्रीय.

आता किल्लारीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत असताना, चार वाजण्याच्या सुमारास, ६.२ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. म्हणजे तीव्रता कोयनेइतकीच, वेळही जवळजवळ तीच. मृत्यू मात्र आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. दोन्ही ठिकाणी खडक सारख्याच जोराने हलला असताना मृतांच्या संख्येत चाळीस-पन्नास पटींचा फरक का पडावा? भूकंपकेंद्र दाट वस्तीच्या अगदी लगत होते, हे एक कारण. दुसरे आम्हाला जखमींनीच सांगितले.

माझ्यासमोर आलेल्या रुग्णांची हाडे मोडली होती ती दगडांखाली. भिंत दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीची, ओबडधोबड दगड नुसत्या मातीत रचलेले, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून जड झालेले माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून शहाणपणाने बांधलेले हे वाडे त्या रात्री धन्यांवरच कोसळले. उमरग्याकडचा एक शेतमजूर आपल्या मालकाच्या मुलाला घेऊन आला होता. तो म्हणाला, "आमचं कुडाचं खोपटं होतं, साहेब, म्हणून आम्ही हाव. वाड्यातलं ह्ये एकटंच लेकरू राहिलं." त्या मुलाची मांडी जुळली, बाकी काही जुळण्याजोगे उरले नव्हते.

किल्लारीनंतर एक वाद बराच काळ चालला. जवळच निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे. भूकंप त्याने चेतवला की तो निखळ नैसर्गिक होता? १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या भागात लहान धक्के बसले होते, त्यामुळे या चर्चेला धार आली. हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो शास्त्रज्ञांनी सोडवावा. परंतु त्या वादात एक गोष्ट मागे पडली, आणि माझे म्हणणे नेमके तिच्याविषयी आहे. ठिणगी तेरणेच्या पाण्याची असो वा नसो, दाखल्यावरची दुसरी ओळ बदलत नाही. तात्कालिक कारण भूकंप. पूर्वगामी कारण घर. पहिली ओळ लिहिणे आपल्या हातात नाही. दुसरी आपणच वर्षानुवर्षे विटा-दगडांत लिहीत असतो.

येथे भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशाविषयी बोलले पाहिजे, कारण सुशिक्षितांची सारी निश्चिंतता त्याच्यावर विसंबून असते. हा नकाशा पूर्वीचे भूकंप आणि भूरचना यांवरून तयार होतो. कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात आला तो १९६७ च्या भूकंपानंतर. किल्लारी १९९३ मध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होते. २००२ च्या सुधारित नकाशात ते तिसऱ्यात गेले. दोन्ही वेळा आधी आपत्ती आली आणि नंतर रंग बदलला. २००२ मध्ये पहिले क्षेत्रच रद्द करून दुसऱ्यात विलीन करण्यात आले. याचा साधा अर्थ असा की देशाचा कोणताही भाग संपूर्ण निर्धोक मानता येत नाही. हैदराबाद त्या नकाशात दुसऱ्या क्षेत्रात आहे.

नकाशा खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो समूहाच्या चाचणीसारखा आहे. समूहात धोका कमी आहे म्हणून समोर बसलेल्या रुग्णाची नाडी न पाहण्याची मुभा त्याने मिळत नाही. नकाशा जमीन किती हलू शकेल याचा अंदाज देतो. तुमची इमारत ते हलणे सोसेल की नाही, हे तो सांगत नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने हे फार क्रूरपणे शिकवले. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. त्यांतील अनेक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला, नुसत्या खांबांवर उभा होता. वर भिंतींनी भरलेले जड मजले आणि खाली बारीक पाय, अशी ती रचना. शेजारच्या, नीट बांधलेल्या इमारती त्याच हादऱ्यात उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी भुजमध्ये जिल्हा रुग्णालयच कोसळले. रुग्ण गेले, परिचारिका गेल्या, आणि हजारो जखमींना ज्या दाराशी आणायचे ते दारच उरले नाही. पुढे त्या जागी उभारलेले नवे रुग्णालय जमिनीचा हादरा इमारतीपर्यंत कमी पोहोचावा अशा रबर-शिशाच्या आधारांवर उभे केले गेले. ज्ञान आपल्याकडे होते. ते वापरायला शेकडो मृत्यू खर्ची पडावे लागले.

आता आपल्याच घरात डोकावू. आपल्यापैकी किती जणांची रुग्णालये मुळात राहण्यासाठी बांधलेल्या इमारतींत आहेत? किती इमारतींचा तळमजला मोटारींसाठी मोकळा आहे? माझे स्वतःचे रुग्णालय तसेच आहे. मुलुगुच्या धक्क्यानंतर मी प्रथमच एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावून ते दाखवले. त्यांनी तासाभरात तीन गोष्टी दाखवल्या. औषधांच्या दुकानासाठी तळमजल्यावरची एक भिंत मीच पाडून घेतली होती. सांडपाण्याची नळी सरळ जावी म्हणून एका खांबाचा कोपरा गवंड्याने फोडला होता आणि आतली सळई गंजत होती. गच्चीवर परवानगीच्या आराखड्यात नसलेली दोन टाक्यांची भर पडली होती. यातला प्रत्येक निर्णय माझ्या संमतीने झाला होता, आणि त्या प्रत्येक वेळी मी 'काही होत नाही' असेच म्हटले होते. रुग्णाने रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या की आपण त्याला जे बोलतो, ते मी त्या दिवशी मनातल्या मनात स्वतःला ऐकवले.

माझ्या एका ज्येष्ठ सहव्यवसायींना हे सांगितले तेव्हा त्यांनी रास्त आक्षेप घेतला. ते म्हणाले, "दरवर्षी डेंग्यू येतो, रोज रस्त्यावर अपघात होतात. शंभर वर्षांत एकदा येईल न येईल अशा भूकंपासाठी लहान रुग्णालयांनी लाखो रुपये कोठून आणायचे?" खर्चाविषयीचे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. साऱ्या इमारती एका रात्रीत बळकट करा, असे म्हणणे म्हणजे परवडत नसलेल्या रुग्णाला महागडी शस्त्रक्रिया लिहून देणे होय. पण आपण त्या रुग्णाला तसाच परतही पाठवीत नाही. प्राणवायूचे सिलिंडर भिंतीला साखळीने बांधणे, जड कपाटे आणि जनरेटरच्या बॅटऱ्या जखडणे, गच्चीवरचे अनावश्यक वजन उतरवणे, फोडलेला खांब दुरुस्त करणे, जिना मोकळा ठेवणे, यांना लाखो रुपये लागत नाहीत. आणि नव्याने रुग्णालय बांधणाऱ्याने सुरुवातीलाच नियमाप्रमाणे संकल्पन करून घेतले तर वाढणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. भूकंप शंभर वर्षांत एकदा येईल हे मान्य केले, तरी ते शंभरावे वर्ष कोणते हे किल्लारीला कोणी कळवले नव्हते.

धरणांविषयीही आपण, सुजाण नागरिक म्हणून, एक मागणी सातत्याने करावी असे मला वाटते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने ३० मीटर वा अधिक उंचीच्या विनिर्दिष्ट धरणांच्या परिसरात भूकंपमापन केंद्र उभारणे धरणमालकावर बंधनकारक केले आहे. ही केंद्रे नुसती उभी राहून भागणार नाही. रुग्णाच्या पलंगाशी ताप, नाडी आणि श्वास एकाच तक्त्यावर लिहिलेले असतात. म्हणूनच राउंडला आलेल्या डॉक्टरला त्यांचा परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात दिसतो. जलाशयाची दैनंदिन पातळी आणि परिसरातील धक्के असेच एका तक्त्यावर, सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. नोंदी खुल्या असल्या की अफवेला जागा राहत नाही आणि अधिकाऱ्यांच्या कोरड्या आश्वासनालाही राहत नाही. कोयनेचे शहाणपण नोंदी ठेवल्यामुळे आणि त्या अभ्यासकांना मिळाल्यामुळे जगाला लाभले.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर लातूर, धाराशिव, नांदेड, उदगीर येथून आजही रुग्ण उपचारासाठी हैदराबादला येतात. एकेकाळी हे सारे एकाच संस्थानात होते आणि आपल्यातील कित्येकांची मूळ घरे तिकडेच आहेत. उद्या मराठवाड्यात वा गोदावरीच्या खोऱ्यात मोठा भूकंप झालाच, तर जखमी आपल्या दाराशी येणार हे निश्चित. ते येतील तेव्हा आपले दार उभे असले पाहिजे.

म्हणून आपल्या संस्थेपुढे माझा एक लहानसा प्रस्ताव आहे. पुढील वर्षभरात सभासदांच्या रुग्णालयांची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्राथमिक पाहणी व्हावी. पाहणीचा खर्च संस्थेने आणि रुग्णालयाने निम्मा-निम्मा उचलावा. आणि उप्पलच्या संस्थेतील शास्त्रज्ञांना आपल्या एखाद्या मासिक सभेत निमंत्रित करून आपल्या भागाविषयी मनमोकळी प्रश्नोत्तरे व्हावीत. पहिली पाहणी माझ्या रुग्णालयाची झाली आहे. फुटलेला खांब दुरुस्त झाला, जादा टाक्या उतरल्या, औषधांच्या दुकानाची भिंत इंजिनिअरांच्या आराखड्याप्रमाणे पुन्हा बांधण्याचे काम चालू आहे. दुकानदार थोडे नाराज आहेत. काचीगुड्याचे ते आजोबा परवा फेरतपासणीला आले तेव्हा विटांचा ढीग पाहून म्हणाले, "एवढं कशाला मांडलंत, डॉक्टरसाहेब? कातळ आहे आपला." मी त्यांना म्हटले, "कातळ आपला आहेच, काका. ही भिंत मात्र मी पाडली होती."